सकाळी आकडा दिसेना

वस्तीवरच्या दूध संकलन केंद्रातला नवा कंप्युटर संध्याकाळी अगदी शहाण्यासारखा वागायचा. सकाळी मात्र त्याला समोर ठेवलेली स्क्रीन दिसायची नाही. स्क्रीन आपल्या जागी, वायर आपल्या जागी, टेबलाखालच्या कंप्युटरच्या डब्यातला पंखा घरघरतोय, आणि काळ्या काचेवर मधोमध एकच ओळ: सिग्नल नाही.

"आमच्या मालकावानीच हाय ह्यो," चंद्रभागाबाई खिडकीबाहेरून म्हणाल्या. "सकाळच्याला समोर उभी ऱ्हाते तरी मी दिसत न्हाई. संध्याकाळी भाकरीच्या टायमाला बराबर दिसते."

रांगेतल्या बाया हसल्या. एरवी आत बसलेली तेजश्रीही हसली असती. पण आज तिच्या ओढणीच्या टोकाला बांधलेली केंद्राची चावी तिला एकसारखी टोचत होती.

केंद्राचं सचिवपद तिच्याकडे येऊन फार दिवस झाले नव्हते. त्याआधी कित्येक वर्षं ते त्रिंबककाकांकडे होतं. काका आत बसून, ज्यावर दुधाचा भाव ठरतो तो फॅटचा आकडा वाचायचे आणि बाहेरच्यांनी तो ऐकायचा. ऊन असो, पाऊस असो, म्हैस पेंड खावो नाहीतर नुसता कडबा, काकांचा आकडा फारसा हलायचा नाही. लोक कुरकुरायला लागले. तेवढ्यात एका खाजगी डेअरीची गाडी रस्त्यापलीकडच्या बाभळीखाली येऊन थांबायला लागली आणि युसूफ वडगावच्या बाजूची निम्मी वस्ती तिकडे दूध घालायला गेली. तेव्हा केंद्र चालवणाऱ्या दूध संस्थेने चावी तेजश्रीला दिली. ती अंबाजोगाईच्या कॉलेजातून भौतिकशास्त्र शिकून आलेली, शिवाय चेअरमन विठ्ठलरावांची सून, त्यामुळे नाही म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

तिने एकच अट घातली होती. दूध तपासायच्या यंत्राचा आकडा कंप्युटरवर येतो, तर ती स्क्रीन खिडकीकडे तोंड करून ठेवायची. जो दूध ओतेल त्याला आपला आकडा आपल्या डोळ्यांनी दिसला पाहिजे. आकडा फोनवरही जायचा, पण तो नवऱ्याच्या फोनवर जायचा, आणि नवरे तो वाचत नसत. स्क्रीनची बातमी कळल्यावर गाडीकडे गेलेल्या बाया हळूहळू परत आल्या. आणि नेमकी स्क्रीनच सकाळी रुसायला लागली.

काल संध्याकाळी विठ्ठलरावांनी ओट्यावर बसून, कुणाकडेही न बघता, निकाल दिला होता. "उद्या सकाळी दिसलं तर दिसलं. न्हाई तर चावी त्रिंबकला. गाडीखाली केंद्र जाण्यापरीस जुनंच बरं."

लग्न होऊन आल्यापासून तिला सगळे चेअरमनची सून म्हणत. या खिडकीत बसल्यावर पहिल्यांदा कुणीतरी "ओ सचिवबाई" अशी हाक मारली होती, आणि त्या हाकेला वळून बघायला तिला जरा वेळ लागला होता. ती हाक तिला हवी होती. हे तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

आता रांग लागली होती. यंत्र तयार होतं. बाभळीखालच्या गाडीवाल्याने सहज वाजवल्यासारखा हॉर्न वाजवला. बाकावर त्रिंबककाका बसले होते. नुसतं बघायला आलोय, असं त्यांनी आल्याआल्याच सगळ्यांना सांगून टाकलं होतं. आणि टेबलाखाली तानाजी शिरला होता. त्याचं युसूफ वडगावात मोबाइलचं दुकान होतं. वस्तीवर जे जे वायरीला जोडलेलं असेल ते दुरुस्त करायचा मान त्याचाच.

"काल मीच लावलता ना चालू," टेबलाखालून त्याचा आवाज आला. "वायर हलवली, लागला. हलवायची बी एक रीत असती."

"मग हलव की बे," विठ्ठलराव दारातून म्हणाले. ते नेमके तेवढ्यात आले होते. पांढरे कपडे, कपाळाला गंध, आणि चेहऱ्यावर सभेला आल्याचा भाव.

"हलवतोय, चेरमन. पण टीव्हीला लाईटच न्हाई."

लाईट नव्हती, कारण सॉकेटमध्ये देव होता.

दूध तपासायचं यंत्र वेगळ्या वायरीवर होतं; भिंतीवरच्या बोर्डाला दोनच सॉकेट होते. एकात डबा. दुसऱ्यात सकाळी खंडोबाच्या तसबिरीवरचा लाल बल्ब. केंद्र सुरू झालं त्या दिवसापासून ही रीत तेजश्रीच्या सासूबाईंनी, छबुबाईंनी, सांभाळली होती. आता पहाटे सुनेबरोबर यायचं, स्क्रीनचा प्लग काढायचा, देवाचा लावायचा, मग तेजश्रीने मेन बटण वर करायचं. दिवा लागला की त्याच्या उजेडात पहिलं माप. ते चेअरमनच्या घरचं; त्यांचं दूध फक्त सकाळीच यायचं आणि स्क्रीन नसल्याने आकडा नुसता फोनवर जायचा. त्यातलं वाटीभर दूध तसबिरीपुढे. देवाचं माप झालं की बल्ब काढायचा आणि स्क्रीन लावायची. खालचा डबा मात्र वीज आली की आपला आपण सुरू व्हायचा. वस्तीवर वीज सारखी येते-जाते, म्हणून बसवणाऱ्याने तो तसा लावून दिला होता.

"मामी, तानाजीभाऊंना प्लग हवाय," तेजश्री म्हणाली.

"देवाचं माप झाल्याबिगर न्हाई." छबुबाई दुधाची कासंडी मांडीशी धरून बसल्या होत्या. "त्याला म्हणावं तवर वायर हलवायची प्रॅक्टिस कर."

"पण मामी, एक विचारू? काल सकाळी स्क्रीन लागली तेव्हा तुम्ही इथंच होतात ना?"

"मी घरी गेलते. चंद्रभागाला इचार. ती खिडकी सोडून कुठं जाती?"

तेजश्री खिडकीशी आली. कॉलेजात त्यांना एक सर होते. प्रयोग फसला की ते कधी रागवायचे नाहीत. फक्त म्हणायचे, जमला तो दिवस आणि फसला तो दिवस शेजारी ठेव आणि फरक शोध. ती काल रात्रभर तेच करत होती. सकाळी नाही, संध्याकाळी आहे. वायर तीच, स्क्रीन तीच. काल मात्र सकाळीही लागली, आणि तो एकच दिवस तिच्या कोष्टकात बसत नव्हता.

"चंद्रभागामावशी, काल तानाजीभाऊंनी वायर हलवली तेव्हा मी मागे कॅन मोजत होते. नेमकं काय काय झालं? सगळं सांगा. काही सोडू नका."

चंद्रभागाबाईंना आजवर कुणी 'काही सोडू नका' असं म्हटलं नव्हतं. त्यांनी कासंडी खाली ठेवली, पदर खोचला.

"आगं, मी हितंच उभी. देवाचं माप झालतं. तुजी सासू गेलती. टीव्ही काळा. ताना आला, खाली शिरला, डोकं आपटलं त्याचं टेबलाला."

"ते कशाला सांगायचं?" टेबलाखालून.

"सगळं सांग म्हणली ती. तर ह्यो वायर हलवतोय, हलवतोय, काय बी न्हाई. मग लाईट गेली. मी म्हणलं झालं, आता यंत्र बी गेलं. तेवढ्यात आली. लगेच. अन् ह्यो वरडला, लागला लागला! अन् बिल मागाया लागला."

"लाईट गेली होती?"

"डोळा मिटावा अन् उघडावा, एवढीच. पण गेलती."

तेजश्रीने वळून बोर्डाकडे पाहिलं, लाल बल्बकडे पाहिलं, टेबलाखालच्या डब्याकडे पाहिलं. दुपारी लाईट जातेच. चारच्या सुमाराला येते. तेव्हा सॉकेटमध्ये देव नसतो, स्क्रीन असते. म्हणून संध्याकाळ चांगली.

"मामा," ती विठ्ठलरावांना म्हणाली, "वायर चांगली आहे. स्क्रीन चांगली आहे. डबाही चांगला आहे."

"मग वंगाळ काय हाय?"

"क्रम."

विठ्ठलरावांना क्रम या विषयात फार गती होती. कुणाचा सत्कार आधी, कुणाचा नंतर, यावरून त्यांनी दोन लग्नं आणि एक शाळेचं स्नेहसंमेलन मोडायला आणलं होतं.

"हा डबा जागा होताना एकदाच हाक मारतो," तेजश्री सांगायला लागली. "समोर कोणी आहे का? स्क्रीनने तेव्हा उत्तर द्यायचं असतं, मी आहे, माझं माप एवढं एवढं आहे. पण आपण मेन वर करतो तेव्हा स्क्रीनला वीजच नसते. उत्तर येत नाही. मग डबा धरून चालतो की आपल्याला बघायला कोणी नाही. काम सगळं करतो, दाखवत नाही."

"अन् मागनं टीव्ही लावला तर?" चंद्रभागाबाईंनी विचारलं.

"मग तो ओळखच देत नाही."

"लई मानपानाचा दिसतोय. चेरमनच्याच घरचा जणू!"

विठ्ठलराव खाकरले. बाकावरून त्रिंबककाका म्हणाले, "माझा जुना कंपूटर असं करीत न्हवता. दिवा आधी लावा, मागनं लावा, चित्र हाजीर."

"बरोबर आहे काका. त्याची वायर जुन्या तऱ्हेची होती. तो हाक मारायचाच नाही. समोर कोणी असो नसो, आपलं दाखवत राहायचा."

"तुमचंच वळण लागलं असंल त्याला," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "समोर म्हस असो नसो, आकडा ठरलेलाच."

टेबलाखालून तानाजी बाहेर आला. केसांत जाळी लागली होती. "म्हंजे काल मी हलवल्यानं न्हाई लागला?"

"तुम्ही हलवत होतात तेव्हा लाईट आली, भाऊ."

"पण मी हलवत तर होतो ना?" एवढं तरी त्याला कुणीतरी मान्य करावं असं वाटत होतं. कुणी केलं नाही.

उपाय सोपा होता. डबा बंद करायचा, स्क्रीनला वीज द्यायची, मग डबा सुरू करायचा. तेजश्रीने तो सांगितला आणि डब्याच्या बटणाकडे हात नेला, तसे विठ्ठलराव आणि त्रिंबककाका एकदमच ओरडले.

"बटनाला हात न्हाई!"

त्यामागे इतिहास होता. जुन्या कंप्युटरचं बटण त्रिंबककाकांनी एकदा दाबून धरलं होतं आणि दिवाळीच्या तोंडावरचा सगळा दुधाचा हिशोब त्यातून नाहीसा झाला होता. त्या दिवसापासून बटणावर चिकटपट्टी होती. नव्या डब्यावरही विठ्ठलरावांनी ती स्वतःच्या हाताने लावली होती. तेजश्रीला चावी देताना एवढंच बजावलं होतं, की त्या बटनाच्या वाटंला जायचं न्हाई.

"मामा, लाईट जाते तेव्हा तो बंद होतोच की. रोज दुपारी."

"लाईट गेली तर ते देवाच्या हातात. बटन दाबलं तर ते तुझ्या हातात. मग म्या लोकांला काय सांगू?"

यावर भौतिकशास्त्रात उत्तर नव्हतं. तेजश्री हळू आवाजात म्हणाली, "काकांनी बटण दाबून धरलं होतं. तसं केलं की मान मुरगळल्यासारखा बंद होतो. एकदाच हलकं दाबून सोडलं, तर तो स्वतः सगळं आवरून, दार लावून झोपतो. काही जात नाही. आणि गेलं तर चावी तुमच्याकडे द्यायचीच आहे आज."

सुनेने विठ्ठलरावांसमोर एवढी वाक्यं सलग बोलायची ही पहिलीच वेळ असावी. बाहेर गाडीवाल्याने पुन्हा हॉर्न वाजवला. रांगेच्या शेवटची एक बाई तिकडे मान वळवून बघायला लागली.

"दाब," विठ्ठलराव म्हणाले, आणि बघायला नको म्हणून तसबिरीकडे तोंड करून उभे राहिले.

"आत्ता नाही. आधी देवाचं माप होऊ द्या. बल्ब काढला की मग दाबते. मामींची रीत मोडायला नको."

गोष्ट इथेच मिटली असती. पण खिडकीबाहेर चंद्रभागाबाई होत्या.

"आसं का? म्हंजे चेरमनच्या घरचं माप अंधारात, अन् आमची उजेडात?"

"देवाच्या दिव्यात असतंय ते," छबुबाई ताडकन म्हणाल्या. "अंधार कुठला?"

"देवाला दिसतं गं. आमाला कावून न्हाई दिसत? इतक्या वर्सांत तुज्या म्हशीचा आकडा कुणी बघितला का? नुसतं ऐकतो आपलं. सात. साडेसात. म्हस हाय का लोण्याची हंडी?"

बाया खुसखुसल्या. छबुबाई उठल्या. त्यांच्या म्हशीबद्दल कुणी शंका घ्यावी, हे त्यांनी माहेरच्या माणसांकडूनही कधी ऐकून घेतलं नव्हतं. त्या तसबिरीपुढे गेल्या, हात जोडले, काहीतरी पुटपुटल्या आणि बल्बचा प्लग उपसून काढला.

"अगं, अगं!" विठ्ठलराव म्हणाले.

"देवाला काय हो? जगात बल्ब यायच्या आधी देव अंधारात बसलता का?" कोनाड्यातली पणती त्यांनी पुढे ओढली, वात सारखी केली, काडी ओढली. "हे घ्या. झाला उजेड. लाव गं तुझा टीव्ही. अन् माझ्या म्हशीचा आकडा अख्ख्या वस्तीला दिसू दे. मोठ्ठा येतोय ना?"

"येतो, मामी."

तेजश्रीने चिकटपट्टी काढली. बटण हलकं दाबलं आणि बोट उचललं. पंखा थोडा वेळ घरघरला, मग मंदावला, मग थांबला. तिने स्क्रीनचा प्लग लावला. कोपऱ्यातला बारका दिवा पेटल्याची खात्री केली. मग डबा सुरू केला.

तानाजीचा हात सवयीने वायरीकडे गेला. तेजश्रीने नुसतं त्याच्याकडे पाहिलं. त्याने हात खिशात घातला.

स्क्रीन काळीच होती. खिडकीत एकावर एक डोकी. मग काचेवर काहीतरी लुकलुकलं, पांढरी अक्षरं धावली, आणि ओळखीचा निळा चौकोन उघडला. वर संस्थेचं नाव, खाली आकड्याची रिकामी जागा.

"दिसलं गं बाई!" रांगेत एकच गलका झाला. तेजश्रीने डोळे मिटून उघडले.

"पयलं माप," छबुबाईंनी कासंडी पुढे केली. वाटीभर दूध देवापुढे गेलं. तेजश्रीने उरलेलं नीट ढवळलं, नमुना घेतला, यंत्राखाली धरला. यंत्राने घरघर केली आणि निळ्या चौकोनात, खिडकीच्या टोकाला उभ्या असलेल्या म्हातारीलाही चष्म्याविना वाचता येईल एवढा आकडा उमटला.

चार पूर्णांक नऊ.

म्हशीचं दूध म्हणजे सहाच्या पुढे, हे रांगेतल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. चंद्रभागाबाईंनी तर तोंडाला पदर लावला होता. त्यांचे खांदे हलत होते.

"यंत्र थंड असंल," विठ्ठलराव म्हणाले. "सूनबाई, पुन्यांदा लाव."

तेजश्रीने पुन्हा नमुना घेतला. चार पूर्णांक नऊ. सगळ्यांची नजर आता तिच्या हातावर होती. आकडा मंजूर करायचं बटण तिने दाबलं की तो कायमचा लागणार होता. आकडा दिसणार, असं तिने वस्तीला सांगितलं होतं. कुणाचा दिसणार नाही, असं कुठे सांगितलं होतं?

तिने बटण दाबलं.

"पाणी न्हाई घातलेलं मी," छबुबाई म्हणाल्या. आवाज बारीक झाला होता. "खंडोबाची आण."

"पाणी नाहीच मामी. पाणी असतं तर यंत्राने वेगळं सांगितलं असतं." तेजश्रीने कासंडीत डोकावलं. "सकाळी धारा तुम्हीच काढता ना? शेवटच्या धारा कासंडीत असतात का?"

"छे. शेवटच्या धारांचा ग्लास ह्यांचा. फेसाळ लागतो ह्यांला. लग्नापासनं."

"फॅट जास्त शेवटच्या धारांत असतं, मामी. आधीचं दूध पातळच येतं."

छबुबाई सावकाश वळल्या. नवऱ्याच्या चेहऱ्यापासून सुरुवात करून त्यांनी नजर हळूहळू खाली आणली आणि पांढऱ्या सदऱ्याच्या तिसऱ्या बटणापाशी थांबवली. ते बटण बिचारं बऱ्याच दिवसांपासून ताणून बसलं होतं.

"सापडलं फ्याट," त्या म्हणाल्या.

मग मात्र रांग फुटली. चंद्रभागाबाई खिडकीचा गज धरून हसायला लागल्या, तानाजी पाठ करून उभा राहिला, आणि बाभळीखालचा गाडीवाला हे काय चाललंय म्हणून खाली उतरून बघायला लागला. विठ्ठलरावांना बाकावरचा माणूस आठवला.

"त्रिंबक," ते शक्य तितक्या रुबाबात म्हणाले, "तुझ्या टायमाला आमचा आकडा सात कसा काय येत हुता?"

त्रिंबककाकांनी पायांतल्या चपला नीट केल्या. "तुमी दारात उभं ऱ्हायचात, चेरमन. म्हणून यायचा."

"मग उद्यापासनं तूच..."

"न्हाई बा." काका उठलेच. "मला न्हाई जमायचं. हितं बसून, सगळ्या गावादेखत, तुमच्या घरचा चार पूर्णांक नऊ लावायचा अन् वर दुपारी तुमच्याच घरी जेवाया जायचं, ह्ये कुणाचं काम न्हाई. ह्या पोरीला जमलं. तिलाच बसू द्या."

विठ्ठलरावांनी स्क्रीनकडे पाहिलं. आकडा अजून तिथेच होता, सगळ्यांना दिसेल असा.

"मी कुठं काय म्हणलो?" ते म्हणाले. "स्क्रीन दिसली का न्हाई? दिसली. मग चावीचा विषयच कुठं येतो?"

"चला घरी," छबुबाई म्हणाल्या. "उद्यापासनं ग्लास बंद. सगळ्या धारा कासंडीत. म्हशीची अब्रू जाती हितं."

ते दोघं बाहेर पडले. रांगेने वाट दिली. चंद्रभागाबाई आपली कासंडी उचलून खिडकीशी आल्या, आणि अचानक थबकल्या. एकदा स्क्रीनकडे बघितलं, एकदा मागच्या बायांकडे, एकदा कासंडीत.

"काय झालं मावशी?" तेजश्रीने विचारलं.

"काय न्हाई. आमचा बी म्हातारा ग्लास घेतो." त्यांनी आवाज खाली आणला. "सचिवबाई, जरा ढवळून बघ हां. चांगलं तळापासनं ढवळ."